मार्क वाढवून नकोत, मार्कांचा हिशेब द्या

पदवीच्या एखाद्या विषयात आपल्यावर अन्याय झाला असं वाटणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. मित्र म्हणतात, ‘रिव्हॅलला टाक.’ घरचे म्हणतात, ‘जाऊ दे, सरांशी वाकडं घेऊ नकोस.’ पहिला सल्ला विद्यापीठाच्या लेखी पेपरपुरता ठीक आहे. पण महाविद्यालयाच्या हातातल्या अंतर्गत गुणांना सहसा रिव्हॅल नसतं. आणि दुसरा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या ऐकल्यामुळे गुणांबद्दल प्रश्न विचारणं हाच आपल्याकडे उद्धटपणा ठरला आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. ‘गुण वाढवा’ ही विनवणी झाली. ती ऐकायची की नाही, हे समोरच्याच्या मर्जीवर. ‘गुण कसे दिले ते दाखवा’ हा हक्क आहे. तो नाकारायचा तर समोरच्याला कारण द्यावं लागतं. विद्यार्थ्यांनी विनवणी सोडून हक्काची भाषा शिकावी आणि महाविद्यालयांनी हा हिशेब कोणी मागण्याआधीच मांडून ठेवावा. त्यासाठीचे मुद्दे असे.

१. तक्रार नेमकी कशाची, ते आधी ठरवा

‘ग्रेड अन्यायाची आहे’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात. पहिली, नोंदीची चूक : बेरीज चुकली, एका प्रश्नाचे गुण पहिल्या पानावर चढलेच नाहीत, हजर असून गैरहजर लागलं, जमा केलेली असाइनमेंट धरलीच नाही. दुसरी, पद्धतीची चूक : वर्गात सांगितलेले निकष मोडले, दोन तुकड्यांना दोन न्याय लावले, व्यक्ती बघून गुण दिले. तिसरी, मताचा फरक : माझ्या मते उत्तर सात गुणांचं होतं, परीक्षकांनी पाच दिले.

पहिल्या दोन प्रकारांत चूक दाखवता येते आणि ती दुरुस्त करून घेणं हा हक्क आहे. तिसऱ्या प्रकारात बहुतेक वेळा हाती काही लागत नाही, आणि लागूही नये. प्रत्येक दोन गुणांसाठी परीक्षकाच्या निर्णयावर खल सुरू झाला, तर कोणताच निकाल अंतिम होणार नाही. न्यायालयांनीही हीच रेघ ओढली आहे. उत्तर प्रदेशातल्या शिक्षक भरतीच्या रण विजय सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली स्पष्ट केलं की उत्तरपत्रिका तपासत बसणं हे न्यायालयाचं काम नव्हे आणि विद्यार्थ्याबद्दलची सहानुभूती हा गुण बदलण्याचा आधार होऊ शकत नाही.

म्हणून अर्ज लिहिण्याआधी स्वतःला विचारा : माझ्याकडे चूक आहे की नुसती नाराजी? नाराजी खरी असू शकते, पण अर्जात ती टिकत नाही.

२. एवढा खटाटोप परवडतो का, तेही मोजा

चार क्रेडिटच्या विषयात ग्रेड पॉइंट आठवरून सातवर आला, तर वीस क्रेडिटच्या सत्रात एसजीपीए ०.२ ने घसरतो. १२० क्रेडिटच्या संपूर्ण पदवीवर तोच फरक जेमतेम ०.०३ उरतो. बाकी सगळं ठीक असेल, तर एवढ्यासाठी महिनाभर हेलपाटे घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

पण जिथे एका गुणावर गाडं अडतं, तिथे हे गणित बदलतं. अंतर्गत आणि लेखी असे दोन्ही हेड स्वतंत्रपणे पास व्हावे लागत असतील आणि उत्तीर्ण होण्यासाठी ४० टक्के लागत असतील, तर ४० पैकी १६ म्हणजे पास आणि १५ म्हणजे एटीकेटी. त्या एका गुणापायी गुणपत्रकावर केटीची नोंद येते, कॅम्पस मुलाखतीला ‘बॅकलॉग नसावा’ या अटीवर नाव गळतं, शिष्यवृत्तीचं नूतनीकरण अडकतं. अशा वेळी ‘एकाच मार्काचा तर प्रश्न आहे’ असं म्हणणाऱ्यांनी तो मार्क कोणाच्या गळ्याशी आला आहे ते बघावं.

३. तपासणीत फरक पडतो, हे शंभर वर्षांपासून माहीत आहे

‘तज्ज्ञ माणसाने दिलेले गुण आहेत, चुकतील कसे?’ हा युक्तिवाद परीक्षा विभागाच्या खिडकीत हमखास ऐकू येतो. त्याचं उत्तर १९१२-१३ सालीच मिळालं आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डॅनियल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी शाळेतल्या इंग्रजीच्या एकाच उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवल्या. १०० पैकी मिळालेले गुण ६४ पासून ९८ पर्यंत पसरले. भाषेत असं होणारच, अशी टीका झाली, तेव्हा त्यांनी भूमितीची उत्तरपत्रिका पाठवली. तिथे तर गुण २८ पासून ९५ पर्यंत आले. शिक्षक प्रामाणिक होते, विषय त्यांना येत होता. तरीही कोणी पायऱ्यांना गुण दिले, कोणी फक्त उत्तराला; कोणी गचाळ आकृतीचे कापले, कोणी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

यातून निघणारा धडा दोन्ही बाजूंना लागू आहे. परीक्षकाने दिले म्हणून गुण बिनचूक ठरत नाहीत. आणि मला कमी पडले म्हणून परीक्षक खुनशी ठरत नाही. माणसामाणसांत फरक पडणारच, म्हणून तर निकष आधी लिहून ठेवायचे, नमुना उत्तरं ठरवायची, मॉडरेशन करायचं. ही व्यवस्था पाळली गेली का, एवढंच विद्यार्थ्याला विचारायचं आहे.

४. उत्तरपत्रिका बघण्याचा हक्क सहजासहजी मिळालेला नाही

हा हक्क मिळण्याची गोष्ट महाराष्ट्रातूनच सुरू होते. आपल्या राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्याला उत्तरपत्रिका पाहताही येत नव्हती आणि पुन्हा तपासूनही घेता येत नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाने ते नियम रद्द केले. मंडळ सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९८४ साली परितोष शेठ खटल्यात जिंकलं. त्यानंतर कितीतरी वर्षं देशभरातल्या परीक्षा मंडळांनी त्या निकालाचा दाखला देऊन खिडक्या बंद ठेवल्या.

मग २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आला. ९ ऑगस्ट २०११ रोजी आदित्य बंदोपाध्याय खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही ‘माहिती’ आहे आणि ती परीक्षार्थीला दाखवली पाहिजे. परीक्षकाचं नाव मात्र गुप्त राहील आणि या कायद्याखाली पुन्हा तपासून मागता येणार नाही, हेही तिथेच ठरलं. पुढे २०१९ साली कंपनी सेक्रेटरी संस्थेच्या प्रकरणात आणखी एक गोष्ट पक्की झाली. संस्थेच्या स्वतःच्या नियमाखाली प्रत मागितली, तर संस्थेचं शुल्क. माहिती अधिकारात मागितली, तर त्या कायद्याच्या नियमांतलं शुल्क. महाराष्ट्रात अर्जाचे दहा रुपये आणि पानामागे दोन रुपये लागतात.

एक सावधगिरी हवी. माहिती अधिकारात उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत असते, तर फोटोकॉपी आणि पुनर्मूल्यांकनाच्या अर्जाला विद्यापीठं निकालानंतर मोजकेच दिवस देतात. म्हणून विद्यापीठाच्या खिडकीवरचा अर्ज आधी भरा. माहिती अधिकार हा त्याला पर्याय नाही, जोड आहे.

५. फोटोकॉपी हातात आल्यावर काय बघायचं

बहुतेक मुलं पहिलं पान बघतात, एकूण गुण वाचतात आणि पुन्हा खट्टू होतात. सुरुवात शेवटच्या पुरवणीपासून करा. मूळ उत्तरपत्रिका संपत आली, तिसऱ्या प्रश्नाचा ‘क’ अर्धा लिहून झाला आणि उरलेला भाग पुरवणीच्या पहिल्या पानावर गेला, असं नेहमी होतं. परीक्षकाच्या टेबलावर गठ्ठा मोठा असतो आणि दोऱ्याने बांधलेली पुरवणी उलटायची राहून जाते. त्या पानावर टिक नाही, फुली नाही, समासात आकडा नाही, असं दिसलं तर थांबा. शून्य हे परीक्षकाचं मत असतं. कोरा समास म्हणजे उत्तर तपासलेलंच नाही. या दोहोंत जमीनअस्मानाचा फरक आहे आणि अर्जात तोच मांडायचा असतो.

मग प्रत्येक प्रश्नाचे आतले गुण पहिल्या पानावरच्या रकान्यांशी ताडून बघा. जादा प्रश्न सोडवला असेल, तर नियमाप्रमाणे कोणता धरायला हवा होता, ते पाहा. बेरीज स्वतः करा. नंतरच पुनर्मूल्यांकनाचा विचार करा आणि तोही आपल्या विद्यापीठाचा नियम वाचून. काही ठिकाणी ठरावीक टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तरच नवे गुण धरतात. काही ठिकाणी कमी झालेले गुणही स्वीकारावे लागतात.

६. व्यवस्थाच कोसळते, तेव्हा एकट्याचा अर्ज पुरत नाही

मुंबई विद्यापीठाचं २०१७ साल आठवा. सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचा निर्णय ऐन परीक्षेच्या हंगामात घेतला गेला. प्राध्यापकांना सराव नव्हता, स्कॅनिंगचा घोळ झाला, उत्तरपत्रिकांची सरमिसळ झाली. कुलपती असलेल्या राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरू संजय देशमुख यांना पदावरून दूर करण्यात आलं. राज्याचा सार्वजनिक विद्यापीठ कायदा सांगतो की निकाल ३० दिवसांत आणि फार तर ४५ दिवसांत लावला पाहिजे. त्या कायद्याचं पहिलंच वर्ष असं गेलं.

त्या वर्षी ज्यांचे निकाल चुकले, त्यांच्यापैकी प्रत्येकाला वेगळा अर्ज, वेगळं शुल्क, वेगळी रांग. चूक विद्यापीठाची आणि भुर्दंड विद्यार्थ्याला. एकाच विषयात एकाच केंद्रावरच्या अनेकांचे गुण विचित्र दिसत असतील, तर ती सामूहिक तक्रार आहे. तिथे पैसे भरून सुटे अर्ज करण्याऐवजी सगळ्यांचे सीट नंबर जोडून एकच निवेदन द्यावं आणि त्या संपूर्ण गठ्ठ्याच्या फेरतपासणीची मागणी करावी.

७. खरी अंधारी जागा आहे अंतर्गत गुणांची

लेखी पेपरवर सीट नंबर असतो, तोही झाकलेला किंवा बारकोडखाली. तपासणारा बाहेरच्या महाविद्यालयाचा असू शकतो. फोटोकॉपी मिळते, पुनर्मूल्यांकन होतं. अंतर्गत गुणांत यातलं काहीच नसतं. शिकवणारा, तपासणारा आणि गुण भरणारा एकच. नाव समोर, चेहरा माहीत. विद्यापीठ आणि अभ्यासक्रम यांप्रमाणे १०० पैकी २५, ३०, ४० गुण असे ठरतात. सत्र पद्धतीत आणि नव्या शैक्षणिक धोरणात सातत्यपूर्ण मूल्यमापनावर भर असल्याने हा वाटा महत्त्वाचाच राहणार आहे. तो राहावाही. वर्षाअखेरच्या तीन तासांवर सगळं ठरण्यापेक्षा हे बरं. पण गुण महाविद्यालयाच्या हातात आले, तसा हिशेबही यायला हवा होता. तो आलेला नाही.

एरवी संवाद असा होतो :

“सर, मला चाळीसपैकी पंधराच कसे?”

“आधी तुझा अटेंडन्स बघ.”

“सर, अटेंडन्सचे वेगळे मार्क आहेत का?”

“मार्क अपलोड झालेत. आता काही होत नाही.”

त्या पंधरांची फोड मागितली आणि सुदैवाने मिळाली, तर कागदावर दिसतं : चाचणी २० पैकी १३, असाइनमेंट १० पैकी ०, वर्गातला सहभाग १० पैकी २. असाइनमेंट तर गूगल क्लासरूमवर वेळेत टाकलेली, तारीख-वेळेसह तिथे दिसते आहे. म्हणजे गेल्या सहा महिन्यांच्या अभ्यासाबद्दलचं ते मत नव्हतं. ती नोंदीची चूक होती, पाच मिनिटांत सुटणारी. फोड मागितल्याशिवाय ती कधीच दिसली नसती. आणि ‘सहभाग’ या रकान्यातले दोन कशाचे, हे विचारलं तर उत्तर देणं शिक्षकालाही अवघड जातं, कारण त्याची नोंद कुठे ठेवलेलीच नसते. ज्याची नोंद नाही, त्याला गुण नसावेत.

८. नाव दिसतं तिथे पूर्वग्रहाला वाव असतो

हा मुद्दा टाळून चालणार नाही. दिल्लीच्या एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी होणाऱ्या भेदभावाची चौकशी विदर्भातून आलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखालील समितीने केली आणि २००७ साली अहवाल दिला. प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षेत परीक्षक आडवळणाने किंवा थेट जात विचारतात, अशा तक्रारी विद्यार्थ्यांनी तिच्यापुढे मांडल्या. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेतली ही कथा. आपल्या व्हायवांत आडनाव ऐकल्यावर ‘गाव कोणतं?’ हा प्रश्न का येतो, हे ज्याला विचारला जातो त्याला कळतं.

प्रत्येक कमी गुणामागे जात, धर्म किंवा लिंग आहे, असं म्हणणं चूक ठरेल. पण तोंडी परीक्षेची कसलीही नोंद नसेल, तर असा भेदभाव झाला हे सिद्ध करता येत नाही आणि झाला नाही हेही सिद्ध करता येत नाही. विचारलेले प्रश्न आणि दिलेले गुण यांची चार ओळींची नोंद, आणि शक्य तिथे दोन परीक्षक, एवढ्यानेही बराच फरक पडेल. प्रामाणिक परीक्षकाला या नोंदीचं भय वाटायचं कारण नाही. उलट आरोप झालाच, तर तीच त्याची ढाल आहे.

९. गुणांची खैरात हाही अन्यायच

तक्रार नेहमी कमी गुणांची होते. जास्त गुणांबद्दल कोणी अर्ज करत नाही. प्रवेश टिकवायचे, निकाल चांगला दाखवायचा, म्हणून काही महाविद्यालयांत अंतर्गत गुणांच्या यादीत वरपासून खालपर्यंत ३६, ३७, ३६, ३८ असेच आकडे असतात. जर्नल दुसऱ्याकडून उतरवलेलं, टर्मवर्क शेवटच्या आठवड्यात उरकलेलं, तरी गुण भरघोस. मग शेजारच्या महाविद्यालयात काटेकोरपणे २८ मिळवलेली मुलगी पदव्युत्तर प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत मागे पडते. तिच्यावरचा अन्याय तिच्या गुणपत्रकात दिसत नाही, तो दुसऱ्यांच्या गुणपत्रकांत असतो. तिने तक्रार करायची कुठे?

एखाद्या महाविद्यालयाचे अंतर्गत गुण आणि त्याच मुलांचे लेखी गुण यांत मोठी तफावत दिसली, तर विद्यापीठाने नमुन्यादाखल चाचणी उत्तरपत्रिका मागवून तपासाव्यात. आकडे विद्यापीठाच्या संगणकावर आहेतच. तुलना करायची इच्छा हवी.

१०. प्राध्यापकांची बाजूही या हिशेबात धरा

एका तुकडीत शंभराच्या घरात मुलं, अशा तीन-चार तुकड्या, वर विद्यापीठाच्या मूल्यमापन केंद्रावरची तपासणी, नॅकची कागदपत्रं. त्यातच राज्यातल्या महाविद्यालयांत शिकवण्याचं बरंचसं काम तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांवर चालतं. त्यांना तासाप्रमाणे मानधन, तेही महिनोन्‌महिने थकलेलं. सत्र संपलं की नेमणूक संपते. निकाल लागून मुलगा विचारायला येतो, तेव्हा गुण देणारे सर दुसऱ्या तालुक्यात दुसऱ्या महाविद्यालयात असतात. नोंदवही त्यांच्याकडेच राहिलेली असते.

म्हणूनच ही लढाई विद्यार्थी विरुद्ध शिक्षक अशी नाही. नोंद सरांच्या पिशवीत न राहता विभागाच्या कपाटात आणि संगणकावर राहिली पाहिजे. सर बदलले तरी हिशेब राहिला पाहिजे. ती जबाबदारी प्राचार्यांची आणि संस्थेची आहे. तासिकेवरच्या शिक्षकाला पुढे करून संस्थेने हात झटकू नयेत.

११. दाद मागण्याच्या पायऱ्या आणि त्यांच्या मुदती

आधी शिक्षकांना भेटा, मग विभागप्रमुखांना. चार दिवसांत उत्तर नाही मिळालं, तर लेखी अर्ज. अर्जात विशेषणं नकोत, हकीकत हवी. उदाहरणार्थ :

‘विषय : अंतर्गत मूल्यमापनाचा घटकनिहाय तपशील मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयात मला ४० पैकी १५ गुण मिळाले आहेत. चाचणी, असाइनमेंट व वर्गसहभाग यांचे स्वतंत्र गुण, माझी तपासलेली चाचणी उत्तरपत्रिका आणि सत्रारंभी जाहीर केलेले निकष पाहावयास मिळावेत. असाइनमेंट मुदतीत जमा केल्याचा पुरावा सोबत जोडला आहे. नोंदीत चूक आढळल्यास ती दुरुस्त करून विद्यापीठास कळवावे, ही विनंती.’

अर्ज दोन प्रतींत करा आणि आवक क्रमांक घालून शिक्का मारलेली पोच घ्या. पोच नसलेला अर्ज केलाच नाही, असं समजा.

पुढची पायरी फार कमी विद्यार्थ्यांना माहीत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या ११ एप्रिल २०२३ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिच्यात किमान एक महिला आणि किमान एक सदस्य मागास प्रवर्गातला असावा लागतो, विद्यार्थी प्रतिनिधीही विशेष निमंत्रित असतो. मूल्यमापनातली अपारदर्शक किंवा अन्यायकारक पद्धत ही तक्रारीच्या व्याख्येतच धरलेली आहे. समितीने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. तो पटला नाही, तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं आणि लोकपालाने ३० दिवसांत निकाली काढायचं. नुसत्या फेरतपासणीची मागणी मात्र लोकपाल ऐकत नाही. निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता किंवा भेदभावाची विशिष्ट घटना दाखवावी लागते. पहिल्या मुद्द्यात चूक आणि नाराजी वेगळी करायला सांगितली, ती यासाठी.

हे झालं कागदावरचं. जून २०२४ मध्ये आयोगानेच लोकपाल न नेमलेल्या १५७ विद्यापीठांची यादी जाहीर केली होती. त्यामुळे आपल्या विद्यापीठाचा लोकपाल कोण, हा प्रश्न निकालाची वाट न बघता आजच विचारायला हवा. आणि भरीव सरकारी अनुदानावर चालणारी महाविद्यालयं माहिती अधिकाराच्या कक्षेत येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या डीएव्ही खटल्यात सांगितलं आहे. तोही दरवाजा उघडा आहे.

१२. ‘सरांशी वाकडं’ या भीतीचं काय

ही भीती खोटी नाही. पुढच्या सत्राचे अंतर्गत गुण त्याच हातात असतात. तिच्यावर उपदेशाचा उपयोग नाही, दोन व्यवहारी उपाय आहेत. एक, विचारणा एकट्याने न करता वर्गाने करावी. ‘सगळ्यांच्या गुणांची फोड फलकावर लावा’ या मागणीत कोणा एकाचं नाव उठून दिसत नाही. सीट नंबर लावले तर कोणाची खासगी बाबही उघडी पडत नाही. दोन, भाषा सांभाळावी. व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांची टिंगल करून मग अर्ज द्यायला गेलात, तर अर्ज मागे पडतो आणि स्क्रीनशॉट पुढे येतो.

पालकांनाही एक सांगणं आहे. ओळखीच्या नगरसेवकाचा फोन लावून दोन गुण वाढवून घेणं म्हणजे दाद मागणं नव्हे. तुमच्या मुलाला ज्या मनमानीचा त्रास झाला, तीच तुम्ही दुसऱ्याच्या मुलावर लादता.

१३. महाविद्यालयांनी करायच्या चार गोष्टी

पहिली : सत्राच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येक विषयाच्या अंतर्गत गुणांची फोड आणि निकष लेखी द्यावेत, मधेच बदलू नयेत. दुसरी : तपासलेली चाचणी आणि असाइनमेंट विद्यार्थ्याला परत दाखवावी आणि त्याची सही घ्यावी. तिसरी : गुण विद्यापीठाकडे पाठवण्याआधी किमान सात दिवस सीट नंबरनुसार फलकावर किंवा पोर्टलवर लावावेत, हरकती मागवाव्यात आणि त्यांचा निकाल लेखी द्यावा. चौथी : या सगळ्या नोंदी निकालानंतर किमान एक वर्ष विभागाकडे जपून ठेवाव्यात.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही, अनुदान लागत नाही. तिसरी गोष्ट जरी सगळीकडे सुरू झाली, तरी निकालानंतरच्या निम्म्या तक्रारी जन्मालाच येणार नाहीत, कारण चूक दुरुस्त करणं सगळ्यांत सोपं असतं ते गुण अपलोड होण्याआधी. वीजबिल भरमसाट आलं की आपण मीटरचं रीडिंग मागतो आणि त्याला कोणी उद्धट म्हणत नाही. गुणपत्रकालाही तोच नियम लावा.

विद्यार्थ्यांना एवढंच सांगायचं आहे : निकालाची वाट बघू नका. येत्या सत्रात पहिल्या तासाला हात वर करा आणि विचारा, ‘सर, या चाळीस मार्कांची फोड लेखी मिळेल का?’ तक्रार करण्याची वेळच येऊ नये, अशी इच्छा असेल, तर सुरुवात या प्रश्नापासून करा.